मतदानात नसलेला बाजार

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावाचा आठवडी बाजार माझ्यामुळे हलला. हे वाक्य मी काही काळ अभिमानाने उच्चारत असे.

बाजार बसस्टँडसमोरच्या रस्त्यावर भरायचा आणि दर मंगळवारी एसटी अडकून पडायची. मी तेव्हा सावंगीला संख्याशास्त्र शिकत होते. माझा पहिला तास बुडायचा. ग्रामसभेत हा विषय वर्षानुवर्षे निघून विरत असे. मी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर मतदान घेतले: बाजार गावाबाहेरच्या पटांगणात न्यावा का? बहुतेकांनी ‘होय’ दाबले. निकालाचा स्क्रीनशॉट, अडकलेल्या एसटीचे छायाचित्र आणि चार नेमकी वाक्ये मी जिल्हा प्रशासनाच्या फेसबुक पानावर जाहीरपणे टाकली. गटातल्यांनी ती पोस्ट दिवसभर इतरांना पाठवली. आठवड्याच्या आत बाजार हलला. पद नाही, पक्ष नाही, हातात केवळ फोन. शिष्यवृत्तीच्या अर्जात मी लिहिले: ‘डिजिटल लोकसहभागातून स्थानिक निर्णय.’

पुढच्या महिन्यात आईने मेथी आणायला पाठवले. आम्हाला नेहमी भाजी देणाऱ्या काकू पटांगणात दिसल्या नाहीत, म्हणून त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात कोमेजलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या.

“काकू, बाजारात काऊन नाई आल्या?”

“टोपलं घेऊन तेवढं लांब होत नाई आता. अन् तिथं गाडीवाल्यायनं जागा धरल्या. मी तं एसटीतून उतरणाऱ्यायलेच इकत होती.”

“पण मतदान झालं होतं ना.”

“कधी? मले तं कोणी बोटाले शाई नाई लावली.”

मोबाईलवर झाले, असे मी सांगितले. त्यांनी आपला बटणांचा फोन माझ्यापुढे धरला. “पाह्य बरं याच्यात, माहं मत कोणाले गेलं.”

नमुन्यात कोण आले नाही हे आधी पाहावे, हा आमच्या विषयातला अगदी प्राथमिक धडा. रस्त्यावर बसून भाजी विकणारी एकही बाई त्या गटात नव्हती. हे मी त्या दिवशी घरी येऊन तपासले. पाच मिनिटे लागली.

सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, “ताई, सारं गाव तयार हाये, हे तुमीच तं दाखवलं. आता मांगं घेतलं तं तुमचा गट आमच्यावर तुटून पडन.”

मग काकूंचा व्हिडिओ करून टाकावा, असे मला सुचले. त्याच वाटेने काम पुन्हा झटपट झाले असते. मी त्यांना विचारले.

“माहं तोंड काऊन दाखवतं साऱ्या जिल्ह्याले?” काकू शांतपणे म्हणाल्या. “चूक तुही, तं तुह्यं तोंड दाखव.”

शिष्यवृत्तीची मुलाखत तीन आठवड्यांवर होती. मी कबुलीचा मजकूर लिहिला, दोनदा दुरुस्त केला आणि मुलाखत होईपर्यंत थांबवून ठेवला. मुलाखतीत त्या मतदानाबद्दल विचारले गेले तेव्हा मी टक्केवारी सांगितली. शिष्यवृत्ती मिळाली.

त्यानंतर मजकूर गटावर टाकला. दोन अंगठे आले आणि एक उत्तर: “ताई, आता राहू द्या.” तोवर पटांगणात विक्रेत्यांसाठी बांधलेल्या ओट्यांचे सिमेंट वाळले होते.

काकू आता दुसऱ्याच्या शेतात मजुरीने निंदणाला जातात.