गाळात रुतलं होतं कोण

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देवाला तर मुद्दामच नाही, कारण त्याच्याच देवळाकडं निघालो असताना ती घडली. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही समोर नाही म्हणून. समोर असता, तर मी तुम्हालाही जुनीच गोष्ट ऐकवली असती, आणि तुम्हाला ती आवडली असती. सगळ्यांना आवडते. घोळ तिथंच आहे.

आधी ती जुनीच ऐकून घ्या. आमचं गाव भोरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठावर. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडतं. मी तेव्हा पुण्यात सिव्हिलचा डिप्लोमा करत होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो. माझी चुलत बहीण सुमी, नुकतीच नववीची परीक्षा दिलेली, देऊळ बघायला गेली आणि गाळात कमरेपर्यंत रुतली. मी धावलो. पाय घट्ट रोवून उभा राहिलो, तिचा हात धरला आणि ओढून काढलं. पुढं ग्रामसभेत शाल, नारळ, वडिलांच्या डोळ्यांत पाणी.

आता मी भोरमध्ये लोकांच्या घरांचे नकाशे काढून देतो. पण गावच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायची असली की मला हटकून बोलावणं येतं. विषय ठरलेला — सुट्टीत काळजी घ्या. उन्हात टोपी घाला, पाणी उकळून प्या, दगडाखाली हात घालू नका, हे सगळं बाई सांगतात आणि पोरं जांभया देतात. मग मी उठतो. पाय फाकवतो, मुठी आवळतो. ‘असं उभं राहायचं! घट्ट! आणि मग ओढायचं!’ टाळ्या. गोष्ट दरवर्षी जराजरा वाढतही गेली. कमरेचा गाळ छातीपर्यंत चढला. एका वर्षी तालुक्याहून साहेब आले होते, तर गळ्यापर्यंत गेला.

आता पुढचं — कसं सांगू?

धरणाचा गाळ कधी बघितलाय तुम्ही? वरून खापरासारखा दिसतो. कडक, भेगाळलेला, पाय टाकला तर खट्ट वाजेलसा. आणि खाली? खाली पिठल्यासारखा. म्हणून आमच्याकडं शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते — गाळात उतरायचं तर म्हशींच्या खुरांच्या वाटेनं. म्हैस जिथून गेली तिथून माणूस जातो. बाकी गाळ आपला नाही.

हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण मी पुण्यात शिकत होतो ना! मातीवर आम्हाला एक अख्खा विषय होता — त्यात मी नापास झालो होतो, हे घरी सांगायचं राहिलं होतं. सुमी म्हणाली, “दादा, म्हशीच्या वाटंनं चल. तिकडनं न्हाई जायाचं.” मी तिला थांबवून समजावलं. भेगा पडल्या म्हणजे पाणी उडालं, पाणी उडालं म्हणजे माती घट्ट झाली. हे शास्त्र आहे, सुमे. आणि देवळाकडं सरळ रेषेत निघालो.

कळलं ना तुम्हाला? कळलंच असणार.

गाळात सुमी रुतली नव्हती. मी रुतलो होतो.

आधी गुडघे, मग धडपडीनं मांड्या, मग कंबर. जितका नाचलो तितका खाली गेलो. ओरडताना आईला, ग्रामदैवताला आणि आमच्या प्राचार्यांना एकदमच हाका मारल्या. आणि सुमी? ती उभी राहिलीच नाही. ओढणी सोडली, पोटावर पडली आणि घोरपडीसारखी सरपटत माझ्याकडं आली. “हातपाय झाडू नगंस! मागं रेल, पाठीवर! आता एकेक पाय सोडव. सावकाश. गप की, बोंबलतोयस कशाला!” म्हशीचं पारडू असंच फसलं होतं, तेव्हा तिनं काकांबरोबर ते असंच काढलं होतं. मीही तसाच निघालो. ओढणीला धरून, पाठीवर, इंच इंच.

इथं थांबलो असतो तर ही नुसती फजितीची गोष्ट झाली असती. फजिती मी चारचौघांत मिटक्या मारत सांगतो, तुम्हाला विचारायचं असेल तर माझ्या मित्रांना विचारा. पण घरी पोचलो आणि —

असं बघा. मी कमरेखाली आणि पाठीकडून माखलेलो, तोंड-छाती जवळपास कोरडी. सुमी पोटावर सरपटलेली, म्हणजे केसांपासून नखापर्यंत गाळच गाळ, नुसते डोळे तेवढे उघडे. काकीनं दारातूनच तिला बघितलं आणि किंचाळली, “आगं बया! पोरगी बुडाली व्हती का काय?” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सुमीनंही. मला एक शब्द बोलायचा होता — ‘न्हाई’. मी म्हणालो, “व्हय काकी. पण काढली म्या.”

का म्हणालो? खरं बोललो असतो तर आधी हसले असते. मग कुणीतरी मातीच्या शास्त्राचं काढलं असतं, आणि त्यातून निकालाचं निघालं असतं. पण तेवढा विचार मी केला नव्हता. लोक हसतील, एवढंच डोक्यात आलं.

काकीनं सुमीच्या पाठीत धपाटा घातला. मी सांगेन म्हणून सुमी थांबली होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी चहा पीत होतो.

सुमी धावायची, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. शाळेकडून तालुक्याला गेली होती, आणि रोज पहाटे धरणाच्या काठानं सराव करायची. तो त्या दिवसापासून बंद झाला. पोरीला पाण्याकडं सोडायचं नाही, असं ठरलं. उरलेली सुट्टी तिनं मामाकडं कांदे निवडत काढली, आणि शाळा उघडल्यावरही पळायला कुणी जाऊ दिलं नाही. तिच्या लग्नात काकांनी मला व्याह्यांसमोर उभं केलं — ह्येनं वाचिवली आमची पोर. सुमी नवरीच्या वेशात, मुंडावळ्यांआडून बघत होती. मी? मी नमस्कार केला.

यंदाही सुट्टी लागायच्या आधी भाषण झालं. पाय फाकवले, मुठी आवळल्या, टाळ्या. पुढच्याच आठवड्यात गावातून फोन आला की दोन पोरं गाळात अडकली. मोटारसायकल कशी हाणली ते आठवत नाही. पोचलो तेव्हा दोघं शाळेच्या पायरीवर बसून बिस्किटं खात होती. वाळलेल्या गाळाचे पोपडे पडत होते अंगावरून. सातवीतली पोरं. ओंकार देवळाकडं निघाला आणि रुतला. यश त्याला काढायला गेला आणि तोही रुतला. टायरच्या ट्यूबवर बसून मासे धरणाऱ्यांनी हाका ऐकल्या, ट्यूबा गाळावरून सरकवत नेल्या आणि दोघांना वर घेतलं.

यशनं मला बघितलं आणि उठून उभाच राहिला. “सर, तुमी सांगितलं तस्संच केलं. पाय रोवूनच हुबा व्हतो. तरी खाली गेलो.”

शाबासकीची वाट बघत होता माझ्याकडून.

मी पायरीवर बसलो. एकानं बिस्कीट पुढं केलं, ते घेतलं. पोरं जिवंत होती, हसत होती, एकमेकांच्या केसांतला गाळ काढत होती. इतकं बरं वाटलं मला की रडूच आलं, आणि पोरांना वाटलं, सर उन्हानं भोवंडले.

घरी येऊन सुमीला फोन लावला. ती आता सारोळ्याला असते, हायवेवर त्यांची रसवंती आहे. सगळं सांगितलं. मागं चरक कुरकुरत होता. मग म्हणाली, “तू पोरांना हुबं ऱ्हायाला शिकवतोस व्हय रं, दादा? इतकी वर्सं?” आणि मग, “माझं जाऊ दे. त्यांना तरी खरं सांगायचं व्हतंस.”

त्यातलं ‘जाऊ दे’ मी घेतलेलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं, गिऱ्हाईक आलं म्हणून बोलणं आवरायला होतं.

तर लिहितो. गाळात रुतलो तो मी. काढलं ते सुमीनं, पोटावर पडून. कुणी रुतलं तर त्याच्यापर्यंत उभ्यानं चालत जाऊ नका. मोठ्यांना हाका मारा. फळी, शिडी, दोर, ओढणी, जे असेल ते लांबून सरकवा. रुतलेल्यानं नाचू नये, पाठीवर रेलावं, एकेक पाय सावकाश सोडवावा. आणि म्हशीची वाट सोडू नये, डिप्लोमा झाला तरी.

शाळा उघडायला अजून अवकाश आहे, पण तोवर गाळही तिथंच आहे. म्हणून बाईंना फोन करून उद्या सकाळी पोरांना मैदानात बोलावलंय. काकाकाकींनाही या म्हणालोय, कशाला ते सांगितलेलं नाही. उद्या सगळ्यांदेखत मातीत पोटावर पडून सुमी कशी सरपटली ते करून दाखवणार आहे, आणि पडल्यापडल्याच सांगणार आहे, की हे मी केलं नव्हतं.