वाडीचं हेल्मेट आणि माझं डोकं

ऐका हो ऐका. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या, तसेच मुंबईला जाऊनही तिथूनच गावचा कारभार हाकणाऱ्या समस्त मंडळींस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझ्या मानेवर जे डोकं आहे ते माझ्या एकट्याचं आहे. त्यात कुणाचा वाटा नाही. ते लग्नकार्याला मागून नेता येणार नाही. हरकत असल्यास ती आता मनात ठेवावी, कारण या प्रकरणाचा निकाल लागून बरीच वर्षं झाली.

निकाल लागला तरी माझा राग गेलेला नाही. तो मी जपून ठेवला आहे. पाहुणे आले की काढतो, झटकतो, दाखवतो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात मी बदली कामगार होतो. म्हणजे कुणी आजारी पडलं तर मला काम, सगळे ठणठणीत असले तर मी घरी. आमच्या खात्याच्या साहेबांनी एक दिवस सांगितलं, "पहिल्या पाळीला वेळेवर येणारा माणूस हवाय. महिनाभर येऊन दाखव, कायम करतो." आमची वाडी पोलादपूरच्या पलीकडे. पहिली एस्टी मला महाडला सोडायची तेव्हा पहिली पाळी चहा पिऊन बसलेली असायची. म्हणून मी एका निवृत्त होणाऱ्या कामगाराकडून त्याची जुनी मोटारसायकल घेतली. सीट फाटलेली, पण इंजिन इमानी.

आईने गाडीला हळदकुंकू वगैरे काही लावलं नाही. चावी काढून घेतली आणि कनवटीला खोचली. हायवेच्या वळणावर पडलेला एक मोटारसायकलवाला तिने मळ्यातून येताना पाहिला होता. काय पाहिलं ते तिने कधी सांगितलं नाही. "डोक्यावर घट बसंल आसं हेल्मेट आण," ती म्हणाली, "मंग चावी."

घट्ट. हा शब्द आमच्या वाडीत तिच्याखेरीज कुणाला ठाऊकच नव्हता.

आता मला सांगा, आपल्याकडे अंगाबरोबर बसणारी वस्तू कुणी कधी कुणाला घेऊन दिली आहे का? मी पहिलीत गेलो तेव्हा माझी खाकी चड्डी चौथीच्या मापाची होती. करगोट्यात खोचून मी ती चार वर्षं चालवली आणि ती बरोबर बसायला लागली तेव्हा मागून फाटली. बुटात पुढे कापूस. सदऱ्याच्या बाह्या हाताच्या पुढे चालायच्या. रेनकोट असा की मी आत आहे की नाही हे मास्तर विचारून घ्यायचे. "वाढतं अंग हाय," हे त्याचं कारण. अंग वाढायचं थांबलं तरी माप वाढतच राहिलं. कारखान्यात मिळालेले रबरी हातमोजे आणि गमबूटसुद्धा माझ्यापेक्षा मोठ्या कुणासाठी तरी बनले होते. जगात कुठेतरी एक धिप्पाड माणूस उघडानागडा बसला असणार आणि त्याचे सगळे कपडे मला येत असणार, अशी माझी खात्री झाली होती.

महाडच्या बाजारात सायकलच्या दुकानात हेल्मेटं मिळायची. मी गेलो. दुकानदार सभ्य माणूस होता, त्यामुळे त्याच्यावर ओरडताही येत नव्हतं. त्याने एक चकचकीत हेल्मेट काढलं. डोक्यावर घातलं तर ते माझ्या भुवयांवरून घसरून नाकावर थांबलं.

"जरा सैल आहे," मी आतून म्हणालो.

"सैल बरं असतं. हवा खेळती राहते."

"मान वळवली तर हे वळत नाही."

"वळेल. सवय होईल त्याला."

हेल्मेटला माझी सवय होणार होती. आणि किंमत अशी की तेवढ्यात दुसरी जुनी मोटारसायकल आली असती. मी हात हलवत परतलो आणि रागाच्या भरात एस्टीत बाजूच्या माणसाला सगळं सांगितलं. तो माणूस निघाला आमच्या वाडीचा. संध्याकाळपर्यंत विषय वाडीच्या बुद्धविहारात पोचला.

आमच्या वाडीत विहारामागे एक खोली आहे. त्यात वाडीची मोठी पातेली, परात, झारे, ताडपत्री, गॅसबत्ती असं सगळं. वर्गणी काढून घेतलेलं. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने सांगून न्यायचं, घासून परत आणायचं. प्रत्येक भांड्यावर वाडीचं नाव कोरलेलं. ही पद्धत चांगली आहे आणि तिच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पातेलं हे पातेलं असतं.

आमच्या थोरल्या काकांना हा फरक मान्य नव्हता. काका वाडीचे प्रमुख. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि वडील गेल्यापासून माझेही प्रमुख. बैठकीत ते म्हणाले, "वाडीत आता चार फटफट्या झाल्या. चौघांनी चार हेल्मेटं घेयाची म्हंजे उधळपट्टी. एकच घेऊ. चांगलं. वर्गणी काढून."

"काका, चौघं एकाच वेळी निघालो तर?"

"तुमी चौघं कवा एका वेळंला उठलाय काय?"

बैठक हसली. मी उभाच राहिलो. "आणि माप कुणाचं घ्यायचं?"

"सगळ्यांत मोठ्या डोक्याचं," काका म्हणाले. "पातेलं आणताना आपण लग्नाचा इचार करतो का चाह्याचा? मोठं असलं की सगळ्यांना होतंय."

मग सुतळी आली. वाडीतल्या यच्चयावत पुरुषांची डोकी मोजली गेली. ज्यांनी उभ्या जन्मात सायकलला पाय लावला नव्हता, तेही रांगेत टोप्या काढून उभे. कुणाचं मोठं निघावं? काकांचं. काका मोटारसायकल चालवत नसत. ते मागे बसायचे, तालुक्याला काम असलं की, कुणाच्याही. पण सुतळीवर गाठ त्यांच्या डोक्याची पडली आणि ती सुतळी पाकिटात घालून वाडीच्या मुंबईतल्या मंडळाकडे रवाना झाली. मंडळाने तिकडे पुन्हा बैठक घेतली आणि, मला नंतर कळलं, गाठीच्या पुढे दोन बोटं वाढवूनच माल घेतला. न जाणो, पुढची पिढी आणखी मोठ्या डोक्याची निघायची.

हेल्मेट आलं. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने वाडीचं नाव लिहिलेलं, पातेल्यांवर असतं तसंच. खोलीत झाऱ्यांच्या शेजारी खिळ्याला टांगलं. मी ते घरी आणून डोक्यावर घातलं. आईने दोन्ही कानांपाशी हात धरले आणि फिरवलं. माझं तोंड अंधारात गेलं. मागची बाजू पुढे आली. मी पोलादपूरकडे बघत उभा होतो आणि हेल्मेट महाडकडे.

"चावी नाय," आई म्हणाली.

मी काकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे उपाय सांगितला. "आत चुंबळ ठेव."

पाण्याची कळशी डोक्यावर ठरावी म्हणून बाया कापडाची गोल चुंबळ करतात, ती. मी तीही ठेवून पाहिली, लाज गुंडाळून. हेल्मेट उंच गेलं, माझ्या डोक्यावर देवळाच्या कळसासारखं उभं राहिलं, आणि शेजारच्या काकूने दारातून विचारलं, "काय रे, पाण्याला निगालास?"

माझा राग कुठवर गेला असेल याची कल्पना करा. महिना पळत होता. साहेबांना मी दोनदा उशिरा भेटलो होतो आणि दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघितलं होतं. पहिल्या पाळीची जागा दुसऱ्या कुणाला गेली असती तर मी आयुष्यभर इतरांच्या आजारपणाची वाट बघत बसलो असतो. आणि हे सगळं कशामुळे? तर थोरल्या काकांचं डोकं मोठं म्हणून.

मी पुन्हा महाडला, त्याच दुकानात गेलो. या वेळी भांडायच्याच तयारीने. "लहान माप ठेवत का नाही?" मी काउंटरवर हात ठेवून विचारलं.

"खपत नाही हो. एक आलं होतं चुकून. वर्षभर पडलंय." त्याने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे एक हेल्मेट उलटं ठेवलेलं होतं आणि त्यात सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे भरले होते. मी ते खाली घ्यायला लावलं. त्याने तुकडे डब्यात ओतले, फुंकर मारली. मी डोक्यावर घातलं. कानांवरून जाताना जरा कुरकुरलं, मग बसलं. गालांना दोन्ही बाजूंनी धरलं. मी मान हलवली, ते हललं. मी खाली वाकलो, तेही वाकलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्याच मापाची होती. खरं सांगतो, मला त्या दुकानात रडू आलं असतं, पण रागच इतका होता की जागा नव्हती.

"याची किंमत?"

"त्याचं काय सांगू. द्या काहीतरी." मी खोदून विचारल्यावर त्याने सांगितलेला आकडा मला पेलणारा होता. मग त्या सभ्य माणसाला राहवेना. "घ्या, पण पुढे पस्तावाल. डोकं वाढलं तर?"

मी पंचविशीचा होतो. मी पैसे मोजले. पट्टा बांधला आणि तसाच एस्टीत जाऊन बसलो. कंडक्टरने तिकीट देताना काचेवर टकटक केली.

उतरलो तर थांब्यावर काका. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. "म्हंजे तू येगळा झालास," ते म्हणाले. इतकंच. आमच्याकडे वेगळं होणं म्हणजे चूल वेगळी, वाट वेगळी, बोलणं बंद. मला आईपर्यंतही जाऊ दिलं नाही. दिवे लागायच्या आत विहारासमोर बैठक बसली. पुरुष सतरंजीवर, बाया ओट्याच्या कडेला. हेल्मेट माझ्या मांडीवर.

काका उभे राहिले. "वाडीनं वर्गणी काढून वस्तू आणली. ती ह्याला चालंना. ह्याचं डोकं लई बारीक, लई नाजूक. आता ह्याला वाडी तरी कशाला पायजे?"

"मला वाडी हवीय," मी म्हणालो. "मला फक्त तुमचं डोकं नकोय."

बैठकीत कुणीतरी खोकलं. मी हेल्मेट घातलं, मान गदागदा हलवली. "बघा. हलतंय का?"

तेवढ्यात ओट्यावरून आई उठली. आमच्या वाडीत धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर बोलत नसे. माझ्या आठवणीत आईने काकांना कधी थेट उत्तर दिलं नव्हतं. पदर डोक्यावर घेऊन ती सतरंजीच्या मधोमध आली, माझ्यासमोर उभी राहिली, हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरलं आणि चिंचेची फांदी हलवावी तसं हलवलं. माझी मान करकरली. हेल्मेट जागचं हललं नाही. तिचा हात कनवटीकडे गेला.

"थांबा," काका म्हणाले. "फटफटीवरची वस्तू वाडीची. बैठकीत ठरलंय तसं. चांगलं आसंल तर ते पण खोलीत टांगायचं. सगळ्यांनी वापरायचं."

आईचा हात तिथेच थांबला.

"सगळ्यांना होणार नाही ते, काका."

"न व्हायला काय झालं? आण हिकडं."

त्यांनी माझ्या डोक्यावरून ते ओढून काढलं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि वाडीदेखत घालायला घेतलं. ते कपाळावर अडलं. काका मागे हटणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी खाली खेचलं, कान मुडपले, चेहरा लाल झाला, आणि मग एकदम ते गेलं. पार खाली. काचेमागे काकांचे गाल ओठांवर आले होते.

"झालं," ते आतून म्हणाले. मग काढायला गेले.

ते निघेना.

एकाने खांदे धरले, दुसऱ्याने वर ओढलं. काका अर्धे उभे राहिले, तरी निघेना. कुणी म्हणालं फिरवून बघा. फिरवलं, तर काकाच फिरले. वाडीतली इतकी माणसं हसू दाबून बसलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. मी मात्र हसलो नाही. मी त्या क्षणी इतका सुखात रागावलेलो होतो की हसणं म्हणजे अपव्यय वाटला.

शेवटी आतून आवाज आला, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. "ह्ये त्याचं हाय. वाडीचं नाय. आयकलं का सगळ्यांनी? त्याचंच हाय. आता काढा."

आईने कनवटीची गाठ सोडली आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली. दोन माणसं खोबरेल तेलाची बाटली आणायला धावत निघाली होती. आई त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली, थोरल्या दिराकडे एकदा नीट बघून घेतलं आणि सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेली, "तेल नका आणू येवड्यात. ऱ्हाऊ द्या जरा तसंच."