पुरोहितांचं गाव आणि माझा टेम्पो

माझ्या टेम्पोखाली एक माणूस मेला. हे वाक्य मी आज सरळ लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वी तोंडातून निघतही नव्हतं. जासईच्या गोदामातून माल घेऊन सकाळी पनवेलला येत होतो. रस्त्याकडेला उभ्या कंटेनरच्या आडून एक म्हातारा सायकल घेऊन एकदम पुढे आला. ब्रेक लागेपर्यंत सगळं संपलं होतं. पंचनामा झाला, पुढे कोर्टानेही माझी चूक नसल्याचं सांगितलं. बायको आनंदाने रडली. मला मात्र सुटल्यासारखं वाटेना.

आम्ही बेने इस्राएली, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पनवेलमध्ये आता आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. शनिवारच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्यामुळे मला घरी तोंड लपवून बसायचीही सोय नव्हती. जायचो, शेवटच्या बाकावर बसायचो. पण हेखाल, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांचं कपाट, उघडायचा मान माझ्याकडे आला की हातानेच नको म्हणायचो. स्टिअरिंग धरलेले हात तिथे लावायची हिंमत नव्हती.

सिनेगॉगचा, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराचा, कारभार बघणारे आमचे मुकादम काका निवृत्त शिक्षक आहेत. कुणी विचारो न विचारो, शिकवणारच. एकदा मी टेम्पो धूत असताना आले आणि बादलीशेजारी उभं राहून सुरू झाले. प्राचीन इस्राएलात पुरोहितांच्या वंशाला शेतीचा वाटा नव्हता. बाकीच्यांनी त्यांना राहायला गावं दिली, गुरांना भोवतालचं रान दिलं. मंदिरात पाळीपाळीने सेवा करायची आणि एरवी गावात राहून लोकांना धर्म समजवायचा.

"आणि त्यातली काही गावं," काका म्हणाले, "तुझ्यासारख्यांसाठी होती."

ज्याच्या हातून नकळत माणूस मेला, त्याने तिथे पळून जायचं. मेलेल्याच्या भाऊबंदांना तिथे त्याच्यावर सूड घेता यायचा नाही. जीव मुठीत घेऊन धावणारा चुकू नये म्हणून रस्ते रुंद ठेवायचे, फाट्याफाट्यावर पाटी लावायची. (कोन गावच्या फाट्यावर मी आजही चुकतो, तेही दिवसाढवळ्या.) मात्र त्याने मुद्दाम मारलं नाही असं ठरलं, तरी त्याला लगेच घरी जायची मुभा नव्हती. महापुरोहित वारेपर्यंत तिथेच राहायचं, पुरोहितांच्या शेजारी. काय माणसं असतील ती! मला ही व्यवस्था ऐकताक्षणी पटली. कोर्टाने मला 'जा' म्हटलं होतं; कुठे जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

तरी वाद घालायची खोड जात नाही. "काका, आपल्यात पुरोहितच नाहीत. आपण शनिवार तेली, घाण्यावर तेल गाळणारे. आपल्याला कुठलं आलंय तसलं गाव?"

"पुरोहित नसतील. जेवण तर आहे ना," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काकूंचा डबा सुरू झाला. नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण आणि भात. डबा हातात देत काकू म्हणाल्या, "तिकडे महापुरोहिताची आई या लोकांना खाऊपिऊ घालायची. नाहीतर हे मेले सुटकेसाठी तिच्या मुलाच्या मरणाची प्रार्थना करायचे. तू आमच्या ह्यांचं वाईट चिंतू नकोस रे बाबा!" कित्येक महिन्यांनी मी हसलो.

नंतरच्या एका शनिवारी काकांनी हेखाल उघडायला पुन्हा मलाच बोलावलं. मी हाताने नको म्हटलं. ते तसेच उभे राहिले. प्रार्थना अडली, सगळे मागे वळून बघायला लागले. मला रागच आला. उठलो आणि जवळजवळ ओरडलो, "माझ्या हातून माणूस मेलाय!"

सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा.

"तरीपण," काका म्हणाले.

पुढच्या बाकावरूनही कुणीतरी म्हणालं, "तरीपण." मी गेलो. दोन्ही हातांनी दारं उघडली.

प्रार्थनेनंतर काकांनी मला बाजूला घेतलं. त्या गावांचा एक नियम त्यांनी सांगितला नव्हता. गावकरी अशा माणसाला मान द्यायला आले, तर त्याने आधी स्वतःच सांगायचं, की माझ्या हातून माणूस मेला आहे. त्यावर ते 'तरीपण' म्हणाले, तर मान घ्यायचा.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू पाठ करून आला असतास," काका म्हणाले.