बाटलीत उरलेलं पाणी

दिवाळीच्या आधी आपण तिघांनी इकडच्या वाळवंटातल्या एका दरीत चार दिवस चालायचं, असं लेकीनं अमेरिकेतून फोनवर सांगितलं, तेव्हा तिचे बाबा खुर्चीतून उठलेच. मी बसून राहिले. आमच्या घरात हौस त्यांच्या वाट्याला आलीय आणि काळजी माझ्या.

तंबू, शिधा, पाणी, सगळं आपापल्या पाठीवर. एकदा खाली उतरलं की फोन लागत नाही आणि मधूनच माघारी फिरायची सोय नाही. लेकीनं फोनवरच नकाशा दाखवला. सगळा तपकिरी होता, त्यात एकच निळी रेघ, आणि तीही तुटक.

"तुटक का गं?"

"तिथे झरा आहे आई. कधी वाहतो, कधी आटतो. म्हणून पाणी वरूनच न्यायचं."

त्या दिवसापासून ती रेघ माझ्या डोक्यात जाऊन बसली. कुकर लावताना, भाजी निवडताना, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरतानाही तीच. हे मात्र ढिम्म. लग्नाच्या आधीपासून डोंगर हिंडलेला माणूस. आमच्याकडच्या गडांवर एक बरं असतं, वर कातळात खोदलेलं टाकं असतं. शेवाळ बाजूला सारायचं आणि बाटली बुडवायची. "पाण्याचं काय घेऊन बसलीस!" हे त्यांचं पालुपद.

पण माझी खरी भीती झऱ्याची नव्हतीच. भीती ह्यांची होती.

हे निफाडकडचे, शेतातल्या घरात वाढलेले. पोरं उन्हातून घरात शिरली की सासूबाईंचा आवाज यायचा, "बस आधी. घाम मरू दे. मंग पाणी पी." मग हातावर गुळाचा खडा, आणि त्यानंतर बेताचं पाणी. माझ्या आईनंही आम्हाला हेच सांगितलं, पण मी ते एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं. ह्यांच्या ते हाडात मुरलं. चालताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, पाय जड होतात, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. गडावरून घरी आलं की भरलेली बाटली ओट्यावर ठेवायचे आणि "बघ" म्हणायचे. जणू शर्यत जिंकून कप आणलाय.

लेक समजावून थकली. "बाबा, तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही. येतो तसा वाळतो."

"दिसलाच नाही तर तो मरायची वाट किती बघायची?" मी म्हटलं. हे हसले. मला हसू आलं नाही. दिवसभराच्या उन्हात एवढी मोठी दरी आणि त्यात हा हट्टी माणूस, एवढंच मला दिसत होतं.

मे महिन्यात रंगीत तालीम करायची ठरली. पाठीवर वजन हवं म्हणून लासलगावच्या चुलत दिरांनी पाठवलेल्या गोणीतले कांदे आम्ही सॅकमध्ये भरले आणि रामशेज गडावर गेलो. पायथ्याशी एक आजोबा शेळ्या घेऊन उभे होते. सॅकच्या जाळीतून डोकावणारे कांदे बघून म्हणाले, "काय वो, वर बाजार भरलाय का आज?"

चढताना सगळं ठीक होतं. मी नेहमीसारखी घटाघटा प्यायले आणि माझं पाणी संपवलं. उतरताना हे मागे राहायला लागले. वळून पाहिलं तर पायरीवर बसलेले, आणि मघाशी घामानं चिंब असलेला शर्ट कोरडा ठणठणीत. मी जवळ गेले. माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "बागेला पाणी सोडलं का? आई वाट बघत असंल."

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. द्राक्षाची बाग कधीच भावाच्या वाटणीला गेली. मी घाईघाईनं त्यांची सॅक उघडली, तर कांद्यांच्या वर दोन्ही बाटल्या तोंडापर्यंत भरलेल्या. डोक्यावर ओतलं, मानेवर ओतलं, घोटघोट पाजलं. मी देवाचं नावही घेत होते आणि शिव्याही देत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली, तेव्हा मी तिथेच रडले.

आणि मग भडकले. "अहो, कुणासाठी जपून ठेवलं होतं एवढं पाणी?"

ते ओशाळले. "तुझं संपतं ना दर वेळेला."

खरंच होतं. इतक्या वर्षांत उतरताना मी हात पुढे करायचे, "आहे का घोटभर?" आणि ते बाटली द्यायचे. ती भरलेली का असते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या रागाचं काय करावं, मला कळेना.

खाली आल्यावर आधी डॉक्टर गाठले. त्यांनी सलाईन लावलं, तपासण्या केल्या, हृदय ठीक आहे म्हणाले आणि वर चांगलं फैलावर घेतलं. "लेकीला सांगू नकोस," हे म्हणाले. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रद्द करू या आई." हे मान खाली घालून बसले होते. वाढदिवसाला आणलेले नवे बूट कोपऱ्यात होते, त्यांच्याकडे बघत. मला ते बघवेना. मी म्हटलं, मला एक संधी दे.

लेकीनं फोनवरून सांगून ह्यांच्या घड्याळात दर थोड्या वेळानं वाजणारा गजर लावून घेतला. तो वाजला की हे "हो हो" म्हणायचे, बाटली तोंडाला लावायचे आणि पाणी होतं तेवढंच राहायचं.

मग पुन्हा रामशेज. या वेळी मी पहिल्या टप्प्यावर बाटली बाजूला ठेवली.

"पी की," हे म्हणाले.

"आधी तुम्ही."

"मला नाही लागली तहान."

"मग मलाही नाही."

"वेडी आहेस का? ऊन लागेल."

"लागू दे."

चिडून पुढे निघाले. मी मागून. जीभ टाळूला चिकटली होती आणि मनातून मी टरकले होते, कारण हा माणूस हट्टात मला हार जाणारा नाही आणि पहिली मीच आडवी होणार. ते सारखे वळून माझ्या तोंडाकडे बघत होते. एका वळणावर थांबले. भर उन्हात, कपाळावरून घाम ओघळत असताना, त्यांनी बाटली काढली आणि प्यायले. गळ्याची घाटी वरखाली झालेली मी नीट पाहिली.

"प्यायलो. आता तरी पी, बाई."

मी प्यायले. पुढच्या टप्प्यावर काही बोलावंच लागलं नाही, त्यांनी आधी स्वतः घेतलं आणि मग माझ्याकडे बघत उभे राहिले.

तिकिटं काढलीत. ती निळी रेघ अजून तुटकच आहे आणि माझी झोपही. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दोन्ही बाटल्या ओट्यावर उपड्या ठेवल्या. एक थेंब पडला नाही.

"बघ," ते म्हणाले.