न वाजवलेला बास

सॅक्सोफोनमध्ये फुंकर न घालता त्याच्या कळा नुसत्या दाबल्या की एक आवाज होतो. चामड्याच्या गाद्या भोकांवर बसतात, उठतात; शेजारच्या खोलीतून कुणी अनवाणी चालत जावं, तसा. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. वाजवायला सुरुवात करण्यापूर्वी ते नेहमी अशा कळा दाबून पाहत. मग बोटं थांबत, आणि समोर कोणीही असो, हॉटेलचा मॅनेजर असो की गॅस घेऊन आलेला माणूस, त्याला एकच सूचना मिळे: "आधी ऐका."

तेव्हा काहीही वाजत नसे. तरी माणूस ऐकू लागे.

म्हैसूरमधल्या एका लहानशा कचेरीत मी प्रसिद्धीचा मजकूर लिहिते. हॉटेलं, रेशमाची दुकानं, नृत्याचे वर्ग, जो येईल त्याची ओळख शंभर शब्दांत बसवायची. एके सकाळी ते सॅक्सोफोनवादक आले. उंच, कृश, इस्त्रीची काळी पँट, हातात प्लास्टिकची फाइल. ते खुर्चीत बसले तेव्हा एक ओलसर, गोडूस वास आला, उसाच्या चिपाडासारखा. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवायची पट्टी बोरूची असते आणि ती तोंडात भिजवावी लागते, हे मला नंतर कळलं. ती पट्टी ते शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी ठेवत.

टेबलावरची माझी पाटी त्यांनी वाचली.

"घरात मराठी बोलता, की सुम्ने, नुसतं आडनाव आहे?"

"बोलते."

"मग बरं. इंग्लिशमध्ये मला माझी स्तुती ऐकवत नाही."

बेंगळुरूला जॅझचा एक महोत्सव होता. निवडीसाठी शंभर शब्दांची ओळख आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. मी विचारलं, "इतक्या वर्षांनी आताच का?" ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर लोक जेवत असताना वाजवलंय, बाई. एकदा लोक नुसते बसलेत, ऐकतायत, असं वाजवायचंय. एकदा म्हणजे एकदाच. मग साकु."

साकु म्हणजे पुरे. त्यांच्या मराठीत असे कन्नड शब्द खड्यासारखे नव्हे, मिठासारखे विरघळलेले असत.

मी लिहिलं, 'ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक'. त्यांनी माझंच पेन उचलून पहिला शब्द खोडला. "ज्येष्ठ म्हटलं की लोक शाल आणतात. काम देत नाहीत."

पोट वाजवण्यावर असलेल्या वादकांना त्यांचे असे पुष्कळ सल्ले पाठ होते. बेंगळुरूहून, कोइंबतूरहून मुलं त्यांना फोन करत, आणि ते अंगणात फेऱ्या घालत एकेकाला मार्गी लावत. "हॉटेलात शिरलास की आधी वाढप्यांना नमस्कार. मॅनेजर बदलतो, वाढपी राहतो." "फोटोत वाद्य तोंडाला नको. गाल सुजल्यागत दिसतो, लोकांना दाढदुखी आठवते." "लग्नात सिनेमाची गाणी मागतील, वाजव. पण दोन गाण्यांच्या मध्ये काय वाजवायचं, ते कुणी सांगत नाही. तिथे तू आहेस."

ओळखीत त्यांना आणखी एक नाव हवं होतं. राजण्णा. हा कडकोळच्या एका कारखान्यात फोरमन होता आणि पहिली पाळी संपली की बास वाजवत असे; माणसाच्या उंचीचा, चार जाड तारांचा, उभ्यानं वाजवायचा बास. हॉटेलांच्या दिवाणखान्यांत दोघांनी वीस-बावीस वर्षं जोडीनं वाजवलं होतं. राजण्णाला जाऊन तीन वर्षं झाली होती. मी समजावलं की ओळख आजच्या वादकाची असते, आणि शब्द शंभरच आहेत. त्यांनी फाइल मिटली. मी त्याला होकार समजले.

व्हिडिओसाठी मी त्यांच्या घरी गेले. रंगाऱ्यांचं जुनं घर. आजोबांपर्यंत तिथे कापड रंगवलं जाई. अंगणात रंगाच्या दोन दगडी कुंड्या होत्या आणि त्यांत आता कढीलिंब वाढला होता. भिंतीला खालच्या अंगानं निळसर ओल धरलेली. घरात ते आणि त्यांची विधवा बहीण. आणि कोपऱ्यात तो बास. राजण्णाला तो बसमधून रोज घरी नेता येत नसे, म्हणून तो पहिल्यापासून इथेच मुक्कामाला. राजण्णा गेल्यावर त्याच्या बायकोनं तो मागितला नाही.

बहीण मला कॉफी देत म्हणाली, "दोन म्हातारे पोसते मी. हा कोपऱ्यातला जेवत नाही, एवढंच."

"आणि बोलतो तुझ्यापेक्षा गोड," ते म्हणाले.

रोज सकाळी तोंड धुतलं की ते त्या बासच्या चारही तारा सुरात जुळवत. वाजवणारं कुणी नव्हतं. मी मनात म्हटलं, दुःखाच्या अशा सवयी असतात; गेलेल्या माणसाचं ताट नाही का काही घरांत वाढत?

बासजवळ उभं राहून त्यांनी सहा मिनिटं वाजवलं. मी मोबाइलवर टिपून घेतलं. वादन सुंदर होतं, पण मध्येच ते थांबत. एक खालचा स्वर लावत, वाद्य ओठांपासून दूर नेत, मान थोडी कलती करत आणि पाचसहा सेकंद तसेच उभे राहत. असं सात वेळा झालं.

आमच्या धंद्यात पहिलं शिकवतात ते हे, की बघणाऱ्याचा अंगठा तीन सेकंदांपुढे थांबत नाही. मी कचेरीत बसून त्या सातही जागा कापल्या, उरलेलं आवळलं, तुकडे जोडले. दोन मिनिटांचा वाहता झरा झाला. मी कवितेत एम.ए. केलेली बाई, ओळीनंतरच्या कोऱ्या जागेवर कधीकाळी पंधरा पानं लिहिलेली. त्या दुपारी ते मला आठवलंसुद्धा नाही. व्हिडिओ पाठवला आणि मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून चार दिवसांनी मूळ चित्रण पुसून टाकलं. पण ते नंतर. पुसण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना कापलेला व्हिडिओ दाखवायला गेले होते.

ते अंगणात उभे राहून बघत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "राजण्णा कुठे गेला?"

बहिणीचा कढीलिंब खुडणारा हात थांबला. मला भीती वाटली. वयानं स्मृती गेली की काय. त्यांनी मला आत नेलं, कोपऱ्यात उभं केलं. "हात ठेवा. ह्याच्या पाठीवर."

मी तळवा बासच्या मागच्या लाकडी फळीवर ठेवला. त्यांनी तोच खालचा स्वर लावला आणि वाद्य ओठांपासून काढलं.

फळी गुणगुणत होती. कुणीही हात लावला नव्हता, तरी तार थरथरत होती. भिंतीपलीकडे कुणी झोपेत बोलावं तशी. सुरात जुळवलेल्या तारेला तिचा स्वर बाहेरून मिळाला की ती उत्तर देते. मोबाइलला ते ऐकू आलेलं नव्हतं. मलाही नाही.

"तो संपेपर्यंत मी पुढचं वाजवत नाही," ते म्हणाले. "त्यानं जिथे सोडलं, तिथून मी उचलतो. पहिल्यापासून असंच आहे आमचं. त्याच्या घरच्यांनी दिवस केले, पिंड वाहिले. मी जुळवणी चालू ठेवली." मग जरा अदबीनं, जणू माझंच काही चुकून सांडलं असावं: "पूर्ण पाठवा तो व्हिडिओ. ऐकू नाही आलं तरी त्याची जागा दिसेल."

मी हो म्हटलं.

कचेरीत परतले तर निवडीचं पत्र येऊन पडलेलं. त्यात एक वाक्य होतं: ज्यात एकही क्षण रिकामा नाही असं वादन आम्ही शोधत होतो. मी मूळ व्हिडिओ पाठवला असता, तर त्यांनी कदाचित निवड मागे घेतली असती. कदाचित नसतीही. मी पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी जागा करण्यासाठी पुसला तो हाच. त्यांना फोनवर म्हटलं, "पाठवला." आणि पत्र वाचून दाखवताना ते एक वाक्य गाळलं. कापण्याची हाताला सवय लागली होती.

रविवारची दुपार. टेम्पोत गोधड्यांत गुंडाळलेला बास पुढे, त्यामागे गाडीत आम्ही दोघं, असे बेंगळुरूला पोहोचलो. सभागृहाच्या मागच्या दारात आयोजकांपैकी एक तरुणी भेटली. नम्र, घाईत.

"सर, बासला आमचा माणूस आहे. हा कोण वाजवणार?"

"कुणी नाही. माझ्या बाजूला उभा राहील. मध्ये मी थांबेन, तेव्हा तो बोलेल."

"स्टेजवर जागा नाही हो, सर. आणि व्हिडिओत हे थांबणं वगैरे काहीच नव्हतं. एक क्षण रिकामा नाही, त्यावर तर आमच्या सगळ्यांचं एकमत झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिला म्हणाले, "आय्तु. झालं तर मग."

बास व्हरांड्यात पाण्याच्या कॅनजवळ राहिला.

लोक जेवत नव्हते. नुसते बसले होते, ऐकत होते. आणि त्यांनी वाजवलं ते माझं कापलेलं. जसंच्या तसं, जोड न जोड. जिथे मी त्यांचा श्वास छाटला होता, तिथे त्यांनी श्वास घेतला नाही. सभागृह उठून उभं राहिलं. ते कुठे थांबायला हवे होते हे त्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी मोजत होते. सात. सातव्यानंतर त्यांचे ओठ राखेच्या रंगाचे दिसले.

परतताना मद्दूर मागे पडलं. तेव्हा ते म्हणाले, "आयोजकांना आभाराचं पत्र दुसऱ्याच दिवशी जायला हवं. तेवढं तुम्ही लिहा."

"माझ्यावर रागावला आहात?"

"कशाला? काम नीट केलंत. लोक उभे राहिले." पुढच्या टेम्पोकडे बघत त्यांनी काच थोडी खाली केली. "एवढंच की, एकटं वाजवायची माझी ही पहिलीच वेळ."

नंतर बोलावणी पुष्कळ आली. त्यांनी एकही घेतलं नाही. दम वाढला होता, असं बहीण फोनवर सांगे. आणि सांगे, जुळवणी मात्र रोज चालू आहे. दोन महिने मी त्या रस्त्याला गेले नाही. काय तोंड घेऊन जायचं? गेले, ती एकदाच, आणि त्यानंतर तीन आठवड्यांत ते गेले.

बास आता माझ्याकडे असतो. बहिणीनं त्याच टेम्पोतून पाठवला, सोबत निरोप: "तुमच्याकडे जागा आहे. एकाला तरी पोसा." मी जुळवायला शिकले आहे, अजून नीट जमत नाही. बन्नूरची बस खालून वळण घेते तेव्हा सर्वांत जाड तार गुणगुणते, आणि माझ्या हातातलं काम थांबतं. तो दोन मिनिटांचा व्हिडिओ लोक अजून पाहतात. त्यांच्या वादनाची, माझ्या माहितीत, दुसरी खूण नाही. तुमच्यापैकी कुणी तो पाहिला असेल, आवडलाही असेल.

त्या शेवटच्या भेटीत ते खाटेवर बसले होते, सॅक्सोफोन मांडीवर. मी सगळं सांगितलं: न पाठवलेलं, गाळलेलं, पुसलेलं. त्यांनी कळा दाबून पाहिल्या. अनवाणी पावलं खोलीतून गेली. मग हनुवटीनं कोपरा दाखवला. मी बासपाशी गेले, पाठीवर तळवा ठेवला. त्यांनी एकच खालचा स्वर लावला. निम्मा सूर, निम्मी हवा. लाकूड थरथरलं. थरथर विरत गेली, विरली, हाताखाली काही उरलं नाही असं वाटलं, आणि मी तळवा उचलू लागले.

"थांब."