वर, खाली आणि पलीकडे

दादाचा फोन आला तेव्हा मी हायवेवर हातखंब्याला होतो. मुंबईहून आलेलं दुकानाचं पार्सल उतरवून घ्यायला गेलो होतो आणि खरं सांगायचं तर पार्सल केव्हाच ताब्यात घेऊन दुसरा वडा खात होतो. दादा म्हणाला, "तुझी वहिनी गेली रे." मी तोंडातला घास सावरत म्हटलं, "बरं, मग मी सावकाश येतो. राक्षस मारून झाला की उठतील चहाला." पलीकडून दादा म्हणाला, "तशी नाही रे बाबा. गेली." आमच्या घरात त्या शब्दाला आधीच दुसरं काम लावून ठेवलेलं होतं, त्याला दादा तरी काय करणार! 'वहिनी गेली' म्हणजे मालतीवहिनी दुपारची झाकपाक करून कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्यांच्या खेळात शिरल्या. त्या दिवशीही त्या तिथेच बसल्या होत्या. दादा हाक मारायला गेला, तर मान खुर्चीच्या पाठीला टेकलेली.

दीड महिना झाला. भेटायला येणारे वहिनींच्या टायपिंग क्लासबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. रत्नागिरीतल्या कितीतरी मुलामुलींची बोटं त्यांनी वळणावर आणली, एक माझी सोडून. मी अजून दोन बोटांनी टाइप करतो, कोंबडी दाणे टिपते तसं. पण खेळाबद्दल कुणी विचारत नाही, कारण तो कुणाला सांगताच येत नाही. क्लासमध्ये कॉम्प्युटर आले, मागून इंटरनेट आलं, आणि त्यात कुठेतरी वहिनींना हा खेळ सापडला, तो शेवटपर्यंत सुटला नाही. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती इंग्रजी अक्षरं. 'तुम्ही एका गुहेत आहात, उत्तरेला वाट आहे,' असं लिहून येतं. तुम्ही 'उत्तर' असं टाइप केलं की पुढच्या जागेचं वर्णन. जगभरातली माणसं एकाच वेळी त्या अक्षरांतून हिंडत असतात, भेटतात, लढतात. वहिनींचं तिथलं नाव सुरंगी. समोरचा 'तलवार' लिहीपर्यंत सुरंगी त्याला मारून, वर दोन शब्द हळहळून मोकळी झालेली असे.

मलाही त्यांनी एकदा आत नेलं, 'भावोजी' याच नावाने. पहिल्याच बाजारात एक दुकानदार दिसला. आपल्याच धंद्यातला म्हणून मी घासाघीस सुरू केली. तो दर वेळी तेच एक वाक्य म्हणे. शेवटी वैतागून मी काहीतरी भलतंच टाइप केलं, तो माझा हल्ला ठरला, आणि त्याने मला एका फटक्यात गार केलं. "दुकानदाराच्या हातून मेलेले पहिले दुकानदार हो तुम्ही, भावोजी," म्हणत वहिनींनी मला जिवंत केलं आणि चहा टाकायला उठल्या.

अलीकडे त्यांनी लढाया कमी केल्या होत्या. जुन्या खेळाडूंना त्या खेळात स्वतःची जागा बांधू देतात. बांधायची म्हणजे लिहायची. वहिनींनी आमचं गाव बांधायला घेतलं. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, कातळ, व्हाळाचं वाहतं पाणी, ते ओलांडायचा लाकडी साकव... सगळं जिथल्या तिथे. अडलं ते दिशांवर. खेळाचा नियम असा की वर गेलेला माणूस खाली आला की मूळ जागी पोचला पाहिजे. वहिनींच्या गावात तो पोचेना. देवळाकडून वर आमच्या घरी यावं आणि तिथून खाली गेलं तर व्हाळ लागावा. खेळाचे व्यवस्थापक स्कॉटलंडमध्ये असतात, खेळात त्यांना रोवन म्हणतात. त्यांनी कळवलं, नकाशा जुळत नाही, उत्तर-दक्षिण घाला. दादाने जन्मभर भूगोल शिकवलेला, तो लगेच त्यांच्या बाजूने.

"बरोबर आहे त्यांचं. दिशा चार असतात."

"तुमच्या पुस्तकात. आपल्या गावात दोन. वर आणि खाली."

"आणि साकव ओलांडून गेलं की?"

"ते पलीकडे."

"पलीकडे ही दिशा नाही, अगं!"

"मग तुमचे काका रोज सकाळी तांब्या घेऊन पलीकडे जायचे, ते कुठे जायचे?"

मी चहाच्या कपात तोंड घालून हसलो, आणि दोघांनीही माझ्याकडे रागाने बघितलं. घरातला धाकटा पन्नाशी उलटली तरी धाकटाच.

वहिनींनी ऐकलं नाही आणि गाव बंदच राहिलं. बारावं-तेरावं आटोपल्यावर मी रोवनना दोन बोटांनी बातमी कळवली. फार चांगलं उत्तर आलं. सुरंगीने नवख्या खेळाडूंना कसं हात धरून हिंडवलं, ते सगळं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी म्हटलं होतं, तिचं गाव तिच्या नावाने उघडू, फक्त दिशा आमची माणसं दुरुस्त करतील. मी दादाला वाचून दाखवलं. मला वाटलं, मास्तर खूश होतील. दादा उठला, वहिनींच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "दुरुस्त करतील म्हणजे? मोडलंय काय त्यात? लिही, गाव असंच आहे."

"अरे, पण नियम—"

"लिही."

लिहिलं. रोवन सज्जन माणूस. ते म्हणाले, ठीक, गाव असंच ठेवू, पण येणारा हरवणार नाही अशी काही सोय करा, नाहीतर उघडता यायचं नाही. आणि खाली एक शंका... साकवाच्या वर्णनात सुरंगीने एका व्यक्तीची जागा राखून ठेवली आहे, पण तिला बोलायला काही दिलेलं नाही. ही 'ह्यांना' कोण? तुमची देवी आहे का?

आम्ही साकव उघडून बघितला. इंग्रजी वर्णनाच्या शेवटी, इंग्रजी अक्षरांत, वहिनींचं मराठी वाक्य होतं: 'इथे ह्यांना बसवायचं. वाट सांगतील.'

दादाने ते वाचलं. वहिनींनी उभ्या संसारात त्याचं नाव घेतलं नव्हतं, तो कायम 'हे' आणि 'ह्यांना'. तिकडे, जिथे कुणी ओळखत नव्हतं, तिथेही नाही... चष्मा पुसत तो म्हणाला, "कळव त्यांना. देवी नाही, मास्तर आहे."

मग आम्ही कामाला लागलो. दुपारी दुकान बंद केलं की मी जायचो. दादा सांगायचा, मी टाइप करायचो, दादा माझ्या स्पेलिंगला नावं ठेवायचा. साकवावरच्या म्हाताऱ्याने, म्हणजे खेळातल्या दादाने, आधी काय बोलावं यावर वाद झाला. मी म्हटलं, "स्वागत आहे."

"गावात कधी कुणी स्वागत आहे म्हणालंय तुला? माणूस आधी काय विचारतो?"

"कुणाकडचे तुम्ही?"

"तेच लिही. मराठीत. खाली अर्थ दे. ओळख पटली तरच वाट सांगायची."

"आणि काहीच्या काही उत्तर दिलं तर?"

"तर परत विचारायचं. आपल्याला घाई नाही."

गेल्या आठवड्यात पहिले आत आले ते रोवनच. पडद्यावर त्यांचं बोलणं उमटत होतं, आम्ही दोघं बघत होतो. म्हाताऱ्याने विचारलं, कुणाकडचे तुम्ही? त्यांनी आपलं नाव सांगितलं. कुणाकडचे तुम्ही? त्यांनी देश सांगितला. कुणाकडचे तुम्ही? आता एकच शब्द आला. सुरंगी.

"मग आधी चहा घ्या," म्हातारा म्हणाला, "घर वर आहे."

रोवन वर गेले. घर बघितलं, ओटी बघितली, आणि सवयीने परत फिरायला खाली आले, तो थेट साकवाखाली, व्हाळात. पुढची ओळ उमटली, मी हरवलो आहे. माझी दोन बोटं लगबगीने कळांकडे गेली. दादाने माझा हात धरला.

"तू नको सांगू. वाट विचारा म्हणावं. माणसं आहेत गावात."