सहा मिनिटांचं जेवण

भाकरी करपल्याचा वास आला की नाशिकरोडच्या घरातली ती दुपार आठवते. अधिकारी व्हायला नौदलाच्या अकादमीत गेलो होतो आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदाच सुट्टीवर आलो होतो. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. तिनं शाळेतून रजा काढून वांग्याचं भरीत केलं होतं आणि माझ्यासमोर स्वतःचंही ताट मांडलं होतं. "तू सुरू कर, शेवटची भाकरी टाकून आलेच," म्हणाली. अकादमीत सहा मिनिटांत जेवण उरकायचं आणि सीनियरनं परवानगी दिल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, ही सवय हाडात मुरली होती. आई वळली तेव्हा मी ताट चाटूनपुसून ताठ उभा होतो आणि तोंडातून निघून गेलं, "परमिशन, सर?" मला वाटलं ती हसेल. ती आपल्या रिकाम्या ताटाकडं बघत राहिली आणि मागं तव्यावर भाकरी करपली. "जा बाबा," एवढंच म्हणाली. आता सुट्टीवर आलो की भाकरी मीच करतो, करपवतो, अगदी सावकाश जेवतो. आणि जेवून झालं तरी तसाच बसून राहतो, कारण जा म्हणणारं घरात कुणी नाही.